सांगण्यात आले होते की...

नागपुरातल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षे काढली आहेत आणि त्यांतली बहुतेक रात्रपाळीची आहेत. या काळात मी स्वतःच्या नावाने फारसे काही लिहिले नाही. इतरांनी लिहिलेले सरळ केले, जागेत बसेल इतके कापले आणि त्याला मथळे दिले. कविता तर एकही लिहिली नाही. तरीही गेली तीन वर्षे मी रघुवीर सहाय या हिंदी कवीच्या कवितांचा मराठी अनुवाद करतो आहे. चौदा कवितांचे कच्चे खर्डे झाले असून त्यांतल्या 'रामदास' या एकाच कवितेने माझे आठ महिने घेतले. ही हकीकत मुख्यतः त्या आठ महिन्यांची आहे.

सुरुवात घरात झाली. मुलगी केंद्रीय मंडळाच्या शाळेत बारावीला होती आणि तिच्या हिंदीच्या 'आरोह' या पाठ्यपुस्तकात सहायांची 'कैमरे में बंद अपाहिज' ही कविता होती. दूरदर्शनवरचा मुलाखतकार एका अपंग माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवतो, तुम्हाला दुःख होते का, कसे होते, असे खोदून खोदून विचारतो, आणि तो रडला तर प्रेक्षकही रडतील या हिशेबाने वाट पाहतो, अशी ती कविता आहे. मुलीने विचारले, "बाबा, हा कवी टीव्हीवाला होता का?" मी म्हणालो, "नाही, पेपरवाला." ती म्हणाली, "मग त्याला हे कसं माहीत?" या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. खरे तर येत होते, पण द्यावेसे वाटले नाही. अपघातात मुलगा गमावलेल्या आईचा 'आक्रोश' पहिल्या पानावर किती स्तंभांत लावायचा, याची चर्चा मी त्याच आठवड्यात केली होती.

सहाय माझ्यासारखेच डेस्कवरचे होते, हे मला तोवर नीटसे ठाऊक नव्हते. त्यांचा जन्म 9 डिसेंबर 1929 रोजी लखनौला झाला. विसाव्या वर्षी ते तिथल्या 'नवजीवन' या दैनिकात लागले. इंग्रजी साहित्यात एम. ए. करून 1951 मध्ये ते दिल्लीला गेले आणि त्याच वर्षी हिंदी कवी अज्ञेयांनी संपादित केलेल्या 'दूसरा सप्तक' या कवितासंग्रहात सात कवींपैकी एक म्हणून त्यांच्या कविता आल्या. पुढे आकाशवाणीच्या वृत्तविभागात ते उपसंपादक होते, मग 'नवभारत टाइम्स'चे वार्ताहर झाले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस 'दिनमान' या साप्ताहिकाचे संपादकपद अज्ञेयांनंतर त्यांच्याकडे आले. तिथे ते 1982 पर्यंत होते. म्हणजे या माणसाची उभी हयात दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल रेघा ओढण्यात गेली आणि कविता त्यानेही त्या रेघांच्या अधेमधेच लिहिल्या. आधुनिक हिंदी कवितेत त्यांचे स्थान काय, याची चर्चा समीक्षकांनी भरपूर केली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे, पण मला ओढ लागली ती त्यांच्यातल्या उपसंपादकाची.

'रामदास' ही कविता 1975 सालच्या 'हँसो हँसो जल्दी हँसो' या संग्रहातली आहे. कथानक चार ओळींचे आहे. रामदास नावाच्या माणसाला तुझी हत्या होणार असे आधीच कळवलेले असते. भर दिवसा तो एकटा रस्त्यावर येतो, सगळ्यांना ही गोष्ट माहीत असते, मारेकरी गल्लीतून येतो, त्याचे नाव पुकारतो, चाकू मारतो आणि गर्दी बाजूला सारून निघून जातो. त्यानंतर लोक निर्भयपणे तिथे उभे राहतात आणि ज्यांना हत्या होईल की नाही अशी शंका होती, त्यांना हाका मारून बोलावू लागतात.

मी ही कविता आधी मुक्तछंदात उतरवली. आधुनिक कविता म्हणजे मुक्तछंद, हे आमच्या पिढीच्या डोक्यात शाळेपासून बसले आहे. एका रात्रीत अनुवाद झाला, सकाळी वाचला आणि कळले की मी कविता उतरवलेली नसून बातमी लिहिली आहे. कोण, कुठे, केव्हा, कसे, सगळे जागच्या जागी होते. अशी बातमी आठव्या पानावर खालच्या कोपऱ्यात सहज गेली असती. भीती मात्र गायब झाली होती.

आमच्या वसाहतीत हिंदीचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. सरांनी माझा अनुवाद वाचला, चष्मा काढून ठेवला आणि मूळ कविता मला मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचू लागलो: "चौड़ी सड़क गली पतली थी, दिन का समय घनी बदली थी..." सरांनी हात वर करून मला थांबवले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून ते त्याच चालीत म्हणाले, "जय हनुमान ज्ञान गुन सागर." पुन्हा म्हणाले, "चौड़ी सड़क गली पतली थी." चाल तीच होती. आतून त्यांच्या सूनबाई डोकावून गेल्या. भर दुपारी हनुमानचालिसा कोण म्हणते आहे, असे त्यांना वाटले असावे.

ती सोळा मात्रांची चौपाई होती. अवधच्या माणसाच्या कानात तुलसीदासांपासून मुरलेली. देवघरात म्हणायच्या त्या लयीत सहायांनी भर रस्त्यातला खून सांगितला आहे आणि कवितेचा थरार त्या लयीत आहे. तिला लहान मुलांच्या गाण्यासारखा झोका आहे, यमके टाळी दिल्यासारखी पडतात, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सोळाच्या पुढे बारा मात्रा वाढवून एक लांब ओळ येते जी 'हत्या होगी' या दोन शब्दांवरच येऊन आदळते. मुक्तछंदात मी नेमकी ही लय फेकून दिली होती.

मराठीत सोळा मात्रांचे असे वृत्त म्हणजे पादाकुलक, आठ आणि आठ. घरी येऊन मी पहिली आठवली ती बालकवींची फुलराणी. 'हिरवे हिरवे गार गालिचे'च्या लयीत चाकू कसा चालवावा, या विचाराने मी दोन दिवस हात आखडून बसलो. तिसऱ्या दिवशी मर्ढेकर आठवले. 'पिपांत मेले ओल्या उंदिर. माना पडल्या, मुरगळल्याविण.' मात्रा मोजल्या, सोळाच भरल्या. फुलराणीचे वृत्त घेऊन मर्ढेकरांनी त्यात मेलेले उंदीर घातले होते, आणि तेही कसे, तर माना पडल्या आहेत पण मुरगळणारा कोणीच नाही. माझी वाट मराठीत आधीच पाडून ठेवलेली होती. मर्ढेकरही आकाशवाणीवाले, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडला.

मग शब्द जुळवणे सुरू झाले. पहिल्या दोन ओळी अनपेक्षितपणे लवकर सापडल्या:

रुंद सडक अन् गल्ली अरुंद
दिवसा होते आभाळ कुंद

'घनी बदली'ला 'कुंद' हा शब्द मिळाला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, शेवटचे पान छपाईला गेले होते आणि मी जिन्यात उभा राहून बोटांवर मात्रा मोजत होतो. तिसऱ्या ओळीवर मात्र गाडी अडली. मूळ ओळीत रामदास त्या दिवशी उदास होता, एवढेच आहे. शब्द दोन्ही भाषांत सारखे, मात्राही बसत होत्या: 'रामदास त्या दिवशी उदास.' पण मराठी कानाला ही ओळ वेगळीच ऐकू येते. आपल्याकडे रामदास म्हटले की समर्थ उभे राहतात आणि 'उदासीनता तत्त्वता सार आहे' हा मनाचा श्लोक मागोमाग येतो. तुकोबांचा 'उदास विचारे वेच करी' हा उपदेशही याच घरातला आहे. मरणाच्या भीतीने खचलेला रस्त्यावरचा माणूस मराठीत पाऊल टाकताच विरक्त संत होऊन बसत होता.

नाव बदलावे का, याचा मी बरेच दिवस विचार केला. 'मॅकबेथ'चा हिंदी अनुवाद करताना स्वतः सहायांनी नाटकाचे नाव 'बरनम वन' असे ठेवले होते आणि पुढे दिग्दर्शक ब. व. कारंतांनी ते यक्षगान या कर्नाटकी लोकनाट्याच्या शैलीत उभे केले. तेव्हा अनुवादकाने एवढी मोकळीक घ्यायला हरकत नसावी. पांडुरंग, नामदेव, किसन अशी नावे ओळीत घालून पाहिली, पण एकही टिकले नाही. विदर्भातल्या कोणत्याही गावात एखादा रामदास असतोच, आमच्या गावात तर तीन होते, आणि त्यांतल्या एकालाही कोणी समर्थ म्हणत नसे. नाव राहिले, 'उदास' गेला. तिथे 'रामदासची कळा उतरली' असे आले आणि पुढच्या ओळीत यमकासाठी 'शेवटची ती घटका भरली'. घटका भरणे हा आपला जुना वाक्प्रचार तिथे नेमका लागला याचे समाधान आहे, आणि 'उदास' या साध्या शब्दाचा कोरडेपणा हातचा गेला याची चुटपुट अजून आहे. 'उदास था' ही नोंद आहे, 'कळा उतरली' हे वर्णन आहे. उपसंपादक म्हणून मी वार्ताहराचे असे वर्णन कापले असते.

खरी झटापट 'हत्या' या शब्दाशी झाली. मराठीत साध्या माणसाचा खून होतो. पोलिसांत खुनाचा गुन्हा नोंदवला जातो, न्यायालयात खुनाचा खटला चालतो. हत्या होते ती गांधीजींची, इंदिराजींची. नाहीतर मग गोहत्या आणि आत्महत्या. आमच्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत हिंदीच्या शेजारामुळे कोणाचीही हत्या होते ही गोष्ट वेगळी, आणि त्यावरून पुण्याकडून बदलून आलेल्या एका वरिष्ठांशी माझे वादही झाले आहेत. उलट हिंदीत खून म्हणजे रक्त. हिंदी कवी मुक्तिबोध नागपुरात असताना 'नया खून' नावाच्या साप्ताहिकात काम करत. त्या नावाचा अर्थ मराठी माणसाला पहिल्या फटक्यात काय लागेल, हे सांगायला नको. मी 'त्याचा खून होइल' असे लिहून पाहिले. एक मात्रा कमी पडली, हे निमित्त झाले. खरे कारण असे की 'हत्या' या शब्दाने रस्त्यावरच्या एका किरकोळ माणसाला मोठ्या माणसाचे मरण मिळते, आणि आधी जाहीर करून, लोक जमवून घडवलेल्या मरणाला 'खून' हा शब्द पुरतही नाही. 'हत्या' राहिली.

आता लांब ओळ. मूळ अशी आहे: 'उसे बता यह दिया गया था उसकी हत्या होगी'. कोणी सांगितले, हे ओळीत नाही. मी आधी 'त्यांनी सांगितले होते' असे केले, मग 'कळले होते' असे केले, आणि दोन्ही वेळा सरांनी मान हलवली. "तुम्ही सांगणारा आणता आहात किंवा सांगणेच काढून टाकता आहात. तिथे सांगणे आहे, सांगणारा नाही." ते हे म्हणाले तेव्हा मला हसू आले, कारण असे वाक्य मी बावीस वर्षे रोज लिहीत आलो आहे. सांगण्यात आले, देण्यात आले, करण्यात आले, हटवण्यात आले. मराठी बातमीची ही ठेवणीतली क्रियापदे. कर्ता सापडत नसेल, छापता येत नसेल किंवा छापायचा नसेल, की आम्ही 'ण्यात आले' लावतो आणि वाक्य निर्वेधपणे चालू लागते. मी तिथेच पाकिटावर लिहिले:

सांगण्यात आले होते की त्याची हत्या होइल

सोळा आणि बारा, अठ्ठावीस मात्रा पुऱ्या. 'आले'मध्ये आठव्या मात्रेवर जीभ किंचित अडखळते, हे मला मान्य आहे, पण मी ती ओळ बदलली नाही. कवितेची ओळ आणि बातमीचे वाक्य यांत एका अक्षराचाही फरक उरला नव्हता, आणि मग मी सहायांची बाकीची पाने त्या नजरेने पुन्हा उलटली. संग्रहाला नाव देणारी कविताच पाहा: 'हँसो तुम पर निगाह रखी जा रही है.' निगाह रखी जा रही है. कड़वाहट पकड़ ली जाएगी. तुम मारे जाओगे. नजर ठेवणारा, पकडणारा, मारणारा, यांतला एकही कर्ता वाक्यात येत नाही. आकाशवाणीच्या वृत्तविभागातला उपसंपादक आपली रोजची क्रियापदे घेऊन घरी गेला होता आणि त्याने त्यांना त्यांचाच गुन्हा कबूल करायला लावला होता. सहायांची भाषा बोलीची आहे, सामान्य माणसाची आहे, असे नेहमी म्हटले जाते. ते खरेच आहे. पण 'रामदास'पुरते बोलायचे तर ती आधी बातमीची भाषा आहे आणि बोली तिच्या फटीतून आत येते.

ती कुठून येते, हे चौथ्या कडव्यात दिसते. चाकू लागला आहे, रक्ताचे कारंजे उडाले आहे, आणि लांब ओळ अचानक बदलते: 'कहा नहीं था उसने आख़िर उसकी हत्या होगी'. लांब ओळीत पहिल्यांदा 'उसने' आला. म्हणजे सांगणारा कोण, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होते. काम उरकल्यावर त्याचा उल्लेख करायची त्यांना सोय झाली. मी लिहिले, 'म्हणला नव्हता का तो अखेर, त्याची हत्या होइल'. प्रमाण मराठीत 'म्हणाला' हवे, मात्रा 'म्हणला'ची आहे. सरांना मी कारण दिले की हे वाक्य गर्दीचे आहे, बातमीदाराचे नाही. त्यांना ते पटले. दुसऱ्या एका ओळीवर मात्र मी हरलो. 'सभी मौन थे सभी निहत्थे' यासाठी मी 'सगळे गप्प नि हात मोकळे' असे केले होते आणि मनातून फार खूश होतो. सर म्हणाले, "निहत्थे ही त्यांची सबब आहे, हत्यार नव्हते म्हणून. हात मोकळे हा तुम्ही त्यांच्यावर ठेवलेला आरोप आहे. कवीने ठेवलेला नाही." मी 'हात रिकामे' केले. त्याला यमक शोधण्यात आणखी पंधरवडा गेला.

या सगळ्या काळात सुटीच्या दिवशी मी एका जुन्या ग्रंथालयात 'दिनमान'चे बांधीव अंक पाहायला जात असे. तिथले वयस्क कर्मचारी अंक आणून देताना आधी फडक्याने पुसत आणि "साहेब, पान जपून उलटा" असे दर वेळी सांगत. कागद पिवळा पडून कडेला भुगा होत होता. दिल्लीच्या राजकारणाबरोबर लहान गावांच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे त्यांत आदराने छापलेली दिसतात. 1975 मध्ये पाटण्याला पूर आला तेव्हा हिंदी कादंबरीकार फणीश्वरनाथ रेणूंनी पाण्यात राहून लिहिलेले वृत्तान्त याच साप्ताहिकात आले. असे साप्ताहिक चालवणारा माणूस 1982 मध्ये तिथून बाजूला झाला, पुढची वर्षे मोकळे लिखाण करत राहिला, 1984 मध्ये 'लोग भूल गए हैं' या संग्रहासाठी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि 30 डिसेंबर 1990 रोजी दिल्लीत तो गेला. 2000 साली त्यांची रचनावली, म्हणजे समग्र साहित्य, सहा खंडांत आली. ती मी विकत घेतली, हा या उद्योगातला सर्वांत मोठा खर्च.

बाकीच्या कवितांविषयी थोडेच सांगतो. 'अधिनायक' अर्धवट पडली आहे. राष्ट्रगीतातला तो भारतभाग्यविधाता कोण, फाटका सुथन्ना घातलेला हरचरना ज्याचे गुण गातो, असा तिचा सवाल आहे. सुथन्न्याला 'लेंगा' चालेल, पण 'हरचरना'तला तो तुच्छतेचा शेवट मराठीत आणायचा तर गण्या किंवा पांड्या करावे लागते, आणि गण्या म्हटले की आपल्याकडे विनोद सुरू होतो. 'कैमरे में बंद अपाहिज'चा खर्डा मी उत्साहाने एका नियतकालिकाला पाठवला होता. अकरा महिन्यांनी तो परत आला. 'अपंग' हा शब्द खोडून वर 'दिव्यांग' लिहिले होते. सरकारी पत्रकात आणि आमच्या बातम्यांत आता तोच शब्द वापरतात आणि त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण त्या कवितेतला मुलाखतकार समोरच्या माणसाचा अपमान इतक्या गोड आवाजात करतो की त्याच्या तोंडी गोड शब्द घातला तर अपमान दिसेनासाच होतो. मी 'अपंग' कायम ठेवला आणि खर्डा पुन्हा कुठे पाठवला नाही.

पाठवताही येत नव्हता, हे मला उशिरा कळले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे सहायांच्या बाबतीत 2050 संपेपर्यंत. मी रीतसर परवानगीचे पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत चौदाही कविता वहीत राहतील. इथे दिल्या त्या सुट्या ओळींपलीकडे मी काही छापणार नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री तालुक्याहून बातमी आली. वाळूच्या वादातून एका तरुणाला भर चौकात मारले होते. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होते: 'त्याला यापूर्वीही धमकी देण्यात आली होती.' असे वाक्य मी एरवी डोळे मिटून पुढे पाठवले असते. त्या रात्री वार्ताहराला फोन लावला आणि विचारले, धमकी कोणी दिली होती? पलीकडे तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, ते इथं सगळ्यांना माहीत आहे." मी म्हणालो, "मग लिहा." तो म्हणाला, "तक्रारीत नाव नाही, सर. कोणी दिलंच नाही."

तक्रारीत नसलेले नाव छापता येत नाही, हा नियम मीच त्याला तीन वर्षांपूर्वी शिकवला होता. बाराला दहा मिनिटे कमी होती. मी परिच्छेद पुन्हा वाचला, त्यातला एक स्वल्पविराम काढला आणि 'देण्यात आली होती' तसेच ठेवून पान सोडले.